मूतों बाईंचं भव्य स्वागत

“पाहुणीचं नाव कोणी चुकवणार नाही, ही जबाबदारी माझी! लिहून घ्या!”

गारखेड्यातल्या अक्षरवेल वाचनालयाच्या बैठकीत प्रांजली कोकरेनं टेबलावर असा हात आपटला की चहाच्या कपांनी बशीतल्या बशीत उड्या मारल्या. हात आपटायचा हक्क तिला होताच. वेरूळच्या लेण्यांत ती फ्रेंच पर्यटकांना फिरवायची. तिच्याच ओळखीनं फ्रान्सची एक खरीखुरी कादंबरीकार अजिंठा बघून परतताना संध्याकाळी वाचनालयात यायला तयार झाली होती. वाचनालयात आजवर आलेला सगळ्यात लांबचा साहित्यिक म्हणजे परभणीचा. तोही सासुरवाडीला आला होता म्हणून!

अध्यक्ष राजकुमार सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा सावरला आणि समोरचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्यानं वाचलं.

“सोलांज... माउंटन! वा! काय भारदस्त नाव आहे. पर्वतच!”

“माउंटन नाही, सर.”

“मग? मौटन?”

“फ्रेंचमध्ये लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरंच असतं. शेवटचा ‘न’ नाकात जातो.” प्रांजली उठली, फळ्यापाशी गेली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: मूतों.

त्यानंतर जी शांतता पसरली तसली शांतता वाचनालयाच्या वाचनकक्षातसुद्धा कधी नव्हती! कोषाध्यक्षांना चहाचा ठसका लागला. महिला विभागाच्या द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. पदरामागं त्या लाजत होत्या की हसत होत्या ते कळलं नाही, पण खांदे मात्र गदगदत होते.

“पुसा ते,” सर म्हणाले.

“का?”

“महिला बसल्यात इथं!”

“मीही महिलाच आहे, सर.”

“अहो कोकरे बाई, पण ह्याचा अर्थ...”

“अर्थ मेंढी! फ्रेंचमध्ये मूतों म्हणजे मेंढी. त्यांचे वाडवडील मेंढपाळ होते. ह्यात लाजण्यासारखं काय आहे?”

सरांचा चेहरा उजळला. “मग सरळ मेंढी बाई म्हणू! भाषांतर करून टाकू!”

“तुम्ही फ्रान्सला गेलात आणि तिथं तुम्हाला सगळे ‘प्रिन्स’ म्हणायला लागले तर चालेल?”

सरांनी क्षणभर विचार केला. “चालेल की.”

प्रांजलीनं कपाळाला हात लावला. पण माघार घेईल तर ती कोकरे कसली! आणि सगळं घोडं त्या कोकरेपाशीच तर अडलं होतं. तिचं घर बिडकीनच्या अलीकडचं, मेंढरांवर जगलेलं. कोकरे म्हणजे कोकरू. शाळेत हजेरी घेताना मास्तरांनी ‘कोकरे’ म्हटलं की मागच्या बाकांवरून ‘बेंऽऽ’ सुरू व्हायचं. एकदा ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई, बानाबाई, मेंढरं बांधावर सोडून खांद्याच्या घोंगडीसकट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. “कोण वरडतंय रं? इकडं या. माज्या कळपात कमी पडलंय एक!” त्या दिवसापासून वर्गात कोणी बेंबें केलं नाही. नाव आपलं आहे, ते खाली बघून सांगायचं नाही, हे प्रांजली तेव्हा शिकली ती शिकलीच. पुढं फ्रेंच शिकताना ह्या लेखिकेचं नाव पुस्तकावर दिसलं, तेव्हा तर तिला सख्खी मावसबहीण भेटल्यासारखं झालं होतं.

“आपल्याकडं गाढवे आहेत, डुकरे आहेत, उंदरे आहेत,” ती फळ्यासमोर उभी राहून म्हणाली. “त्यांच्या पत्रिकेत आपण बदलतो का नाव? नाव मूतोंच छापायचं, मूतोंच बोलायचं. नाहीतर तुमचं तुम्ही बघा, मी दुभाषी म्हणून येणार नाही!”

हा मात्र बाण लागला. वाचनालयात दुसरं कोणाला फ्रेंच येत नव्हतं. सरांना तर ‘बोंझूर’ हे गोडाचं नाव वाटलं होतं.

“आणि तुम्हाला म्हणून सांगते,” प्रांजली जरा मऊ झाली, “इंग्रजीतला मटन शब्दसुद्धा ह्याच नावातून आलाय. इतका जुना, मानाचा शब्द आहे हा!”

असं सांगितल्यानं त्या शब्दाची इज्जत वाढेल असं तिला वाटलं. सरांच्या डोळ्यांत मात्र वेगळीच चमक आली. ते बोलले असते तर पुढचं टळलं असतं!

प्रांजली तडक वासिफच्या फ्लेक्सच्या दुकानात गेली. वासिफनं मजकूर वाचला, तिच्याकडं बघितलं, पुन्हा मजकूर वाचला.

“ताई, ये नाम है?”

“हो.”

“आदमी का?”

“बाईचं.”

“अल्ला!” वासिफनं कॉम्प्युटरवरचा हात काढून घेतला. “ताई, नक्को. मेरी दुकान पे पत्थर मारते लोगां. तुम्ही वाचनालयवाले शिकलेले, तुम्हाला कोण काय म्हणणार? मला मात्र अब्बाच बाहेर काढतील!”

“वासिफभाई, तुम्ही एखाद्या साहेबाचं आडनाव वाईट वाटलं म्हणून बदलून छापता का?”

“नाय.”

“मग? फ्रान्सहून आलीय म्हणून तिच्या नावाला किंमत नाही?”

वासिफ विचारात पडला. त्याच्या स्वतःच्या नावाचं लोकांनी वासिम, वसीफ, वासीक आणि एकदा तर वासुदेव केलं होतं. त्याला मुद्दा पटला. इतका पटला की पाहुणीच्या मानासाठी त्यानं नाव चांगलं हातभर उंच अक्षरात घेतलं. वर बारीक ‘फ्रेंच लेखिका सोलांज’, मधे धिप्पाड ‘मूतों’ आणि खाली झोकदार ‘यांचे भव्य स्वागत’.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वासिफच्या माणसांनी फ्लेक्स वाचनालयाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकला. ही भिंत म्हणजे सरांचं जुनं दुखणं. येणारे-जाणारे तिथं हमखास आडोसा शोधायचे, म्हणून सरांनी स्वखर्चानं तिच्यावर लाल ऑइलपेंटनं रंगवून घेतलं होतं: ‘येथे लघवी करू नये.’ फ्लेक्स ठोकणाऱ्यांनी खिळ्यांना भक्कम जागा बघितली. त्या जागेत ‘लघवी करू नये’ हे सगळं फ्लेक्सखाली गडप झालं. डावीकडं उरलं फक्त ‘येथे’!

रस्त्याच्या पलीकडून बारीक अक्षरं दिसत नव्हती. दिसत होतं ते एवढंच: येथे मूतों. यांचे भव्य स्वागत.

प्रांजली पोचली तेव्हा भिंतीपाशी तीन रिक्षा उभ्या होत्या आणि रिक्षावाले भिंतीकडं तोंड करून!

“अहो, काय करताय!” ती ओरडली.

“काय म्हंजी?” त्यातला एक मान वळवून म्हणाला. “तुमीच तर बोर्ड लावलाय! इतकी वर्षं नको नको म्हणत हुते. आता म्हणलं, चला, सुधारले मान्सं!”

तेवढ्यात शिट्टी वाजली. स्वच्छता पथकाचे निरीक्षक इंद्रजीत स्कूटर आडवी लावून उतरले. घामाघूम झालेला माणूस. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं आणि त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

“बाई, आम्ही शहर स्वच्छ करायला मरमर मरतोय आन् तुम्ही लोकांना आवतण धाडताय? वर भव्य स्वागत?”

“ते नाव आहे!”

“कुणाचं?”

“फ्रेंच लेखिकेचं.”

“आधार कार्ड दाखवा.”

“फ्रेंच बाईचं आधार कार्ड कुठून आणू?”

“मग काढा बोर्ड.”

“काढणार नाही!” प्रांजली कमरेवर हात ठेवून फ्लेक्ससमोर उभी राहिली. “बोर्डावर काही चुकलेलं नाही. चूक त्या ‘येथे’ची आहे. ‘येथे’ पुसा!”

“ऑइलपेंट हाय बाई. आता कसा पुसू?”

“तो तुमचा प्रश्न!”

हा वाद आणखी किती वाढला असता कोण जाणे. पण रिक्षातून बानाबाई उतरली. लेकीचा कार्यक्रम बघायला ती खास आली होती, पाहुणीला द्यायला नवीकोरी घोंगडी घेऊन. तिनं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

“काय नाव म्हनलीस पावणीचं?”

“मूतों. म्हणजे मेंढी.”

“बरं,” बानाबाई म्हणाली. अख्ख्या गारखेड्यात ते नाव ऐकून न हसलेलं आणि न लाजलेलं एवढं एकच माणूस! तिनं घोंगडीची घडी मोडली आणि ‘येथे’वर खिळ्यांना लटकवून दिली. “मेंढरावरनं नाव हाय म्हंजी आपलीच हाय ती. चल आत, च्या पाज मला.”

इंद्रजीतांनी मात्र जागा सोडली नाही. विश्वासच उरला नव्हता त्यांचा! ते शिट्टी तोंडात धरून भिंतीपाशी पहारा देत बसले.

आत प्रांजलीला दुसरा धक्का बसला. ज्या सभागृहात एरवी खुर्च्या माणसांची वाट बघत बसतात, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती! बायका, पोरं, म्हातारे, आख्खी कुटुंबं! तिचा ऊर भरून आला. फ्रेंच साहित्याला गारखेड्यात एवढा वाचक आहे?

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं तिला खुणेनं बोलावलं. त्याच्या मांडीवर स्टीलचा डबा होता.

“मॅडम, सुक्कं हाय का रस्सा?”

“काय?”

“मटन हो! पैले भाषण करणार का?”

प्रांजली गर्रकन वळली. राजकुमार सर खांबाआड उभे होते. तो खांब काही इतका रुंद नव्हता.

“सर! काय केलंत?”

“मी... म्हणजे तुम्हीच म्हणालात ना, की मटन त्याच नावातून आलंय? म्हटलं सभ्य शब्द आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर...” त्यांनी चोरट्यासारखा मोबाइल पुढं केला.

प्रांजलीनं वाचलं: ‘आज सायंकाळी वाचनालयात खास फ्रान्सहून आलेल्या मटन यांचा आस्वाद घेण्यास सर्वांनी सहकुटुंब यावे. आपला, राजकुमार.’

“बाईंच्या साहित्याचा आस्वाद असं लिहायचं होतं,” सर पुटपुटले. “साहित्याचा हा शब्द राहिला.”

“सर, नुसतं साहित्य नाही, सगळंच राहिलं!”

त्यात लेखिकेच्या गाडीचा फोन आला. सिल्लोडजवळ कापसाच्या गाड्यांत अडकलोय, वेळ लागेल. इकडं लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. कोणी डबा वाजवला. मग दुसऱ्यानं वाजवला. बघता बघता सभागृहात भजनी मंडळ बसल्यासारखा ठेका धरला गेला. द्वारकाबाईंनी परिस्थिती सावरायला घाईघाईनं स्वागतगीत सुरू केलं. पण त्यांनी नावाचा घोळ टाळायला सरांच्या मेसेजातलाच शब्द उचलून ‘मटनताई या हो या’ अशी ओळ बसवली होती. ती कानावर पडल्याबरोबर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि सगळ्या माना स्वयंपाकघर कुठं आहे ते बघायला वळल्या.

बास! प्रांजलीनं द्वारकाबाईंच्या हातून माइक घेतला.

“ऐका! इथं मटन नाही!”

“आंऽऽ?” आख्खं सभागृह कळवळलं.

“इथं एक बाई येतायत. त्यांचं नाव मटन नाही, माउंटन नाही. त्यांचं नाव मूतों!”

हास्याचा असा लोळ उठला की पंख्यावरची धूळ खाली आली. पोरं खुर्च्यांवरून घसरली. राजकुमार सरांनी खांबाला मिठी मारली. प्रांजलीचे कान तापले. शाळेतल्या मागच्या बाकांचा आवाज पुन्हा तिच्या डोक्यात घुमला. पण ह्या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

“हसा! हसून घ्या! मूतों म्हणजे मेंढी. ह्या बाईचे आजे-पणजे मेंढरं राखायचे. ती बसली असेल लहानपणी वर्गात, तेव्हा मागून पोरं बेंबें करतच असतील, कारण पोरं सगळीकडं सारखीच! तिनं नाव बदललं नाही. तेच नाव पुस्तकावर छापलं. मी कोकरे. मलाही हसलेत लोक. ज्याच्या नावाला कधीच कोणी हसलं नाही, असा तुमच्यात कोण आहे? हात वर करा!”

हास्य हळूहळू विरलं. हात एकही वर आला नाही. मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “मी ढेकणे. बोला काय बोलायचं.”

“एवढंच बोलायचं की ती दारात आली की तिचं नाव मोकळ्या गळ्यानं घ्यायचं. न लाजता! म्हणा, मूतों!”

“मूतों,” म्हातारे ढेकणे एकटेच म्हणाले.

“मूतों!” बानाबाईनं दारातून खणखणीत साथ दिली. रानात मेंढरं वळवताना जो आवाज लावायची तोच आवाज!

मग वासिफ उठला. मग डबेवाले गृहस्थ. मग बायका. आणि मग काय! तीनशे माणसं, उपाशीपोटी चिडलेली, सगळा राग त्या दोन अक्षरांत ओतून गर्जायला लागली. मूतों! मूतों! मूतों! खिडक्या सताड उघड्या. रस्त्यावरची वाहनं थांबली. बाहेर इंद्रजीतांची शिट्टी किंचाळत होती, “नाव हाय! नाव हाय ते! कुणी उतरायचं न्हाई!”

त्याच गदारोळात गाडी दारात लागली आणि मादाम सोलांज आत आल्या. ठेंगण्या, उन्हानं लाल झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, पायांत साध्या चपला. तीनशे अनोळखी माणसं आपलं नाव घेऊन गर्जतायत हे बघून त्या दारातच थबकल्या. हात छातीवर गेला. डोळे भरून आले. बानाबाईनं भिंतीवरची घोंगडी काढून आणली होती. ती तिनं त्यांच्या खांद्यावर टाकली. मादामनी लोकर बोटांत चोळून बघितली, नाकाशी नेली आणि बानाबाईला सरळ मिठीच मारली. एका शब्दाची गरज पडली नाही.

प्रांजलीला वाटलं, जिंकलो आपण! तिनं सरांकडं असं बघितलं की सर खांबामागून बाहेर आले आणि मुकाट्यानं टाळ्या वाजवायला लागले.

मादामनी माइक घेतला.

“बोंझूर! मी सोलांज मूतोंग.”

प्रांजलीला वाटलं माइक खरखरला. ती कानाशी वाकली. “मूतों ना, मादाम?”

“मूतोंग,” मादाम हसून म्हणाल्या, आणि फ्रेंचमध्ये भरभर बोलत सुटल्या. प्रांजलीचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग गव्हाच्या पिठासारखा होत गेला.

सगळे वाट बघत होते. ह्या सभागृहात मादाम काय बोलल्या हे तिच्याशिवाय कोणालाच कळलं नव्हतं. ती काहीही सांगू शकत होती. ‘बाईंना शहर आवडलं’ म्हणाली असती तरी टाळ्या पडल्या असत्या! तसं सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण इतका वेळ जिनं ‘नाव जसं आहे तसं’ म्हणून घसा फोडला, तिनं आता नावच गिळायचं? तिनं माइक घट्ट धरला, हनुवटी वर केली.

“बाई म्हणतायत,” ती म्हणाली, “की... पॅरिसची माणसं त्यांचं नाव मूतों असंच म्हणतात. पण बाई दक्षिणेकडच्या. त्यांच्या मुलखात शेवटी ‘ग’ वाजतो. शहरातल्या लोकांनी लहानपणी त्यांच्या बोलण्याची लई टिंगल केली. म्हणून त्या मुद्दाम आजोबांसारखं म्हणतात. मूतोंग.”

“ग?” राजकुमार सरांचा आवाज फाटला. “‘ग’ आहे? बाई, शेवटी ‘ग’ आहे?”

“दक्षिणेत आहे, सर.”

“अहो, मूतोंगमध्ये काय वाईट आहे! मूतोंग फळ्यावर चाललं असतं! मूतोंग भिंतीवर चाललं असतं! मूतोंग माझ्या सासऱ्यांसमोर चाललं असतं!”

“ताई,” वासिफ मागून कळवळून म्हणाला, “फ्लेक्स पे जगा भी थी!”

“पॅरिसमध्ये मूतोंच म्हणतात!” प्रांजली ठणकावून म्हणाली. “मी चुकले नाही! दोन्ही बरोबर आहे!”

“आगं, व्हय,” बानाबाई लेकीला म्हणाली. “पर ती पॅरिसची नाय ना. तिचं नाव तिला सांगू दे की.”

ह्यावर प्रांजलीनं माइक मुकाट्यानं मादामच्या तोंडापुढं धरला. असं तिच्या आयुष्यात क्वचितच होतं! मादाम मूतोंगनी पुढं, वाक्यामागून वाक्य प्रांजलीकडून मराठीत करून घेत, मेंढरांवर आणि माणसांवर असं काही भाषण केलं की डबेवाल्या गृहस्थांनी डबा खुर्चीखाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

आभाराला राजकुमार सर उठले. इतके दिवस दबलेला माणूस! त्यांची छाती फुगली होती. “श्रीमती मूतोंग यांचे आभार,” त्यांनी प्रत्येक अक्षर पेढ्यासारखं चघळलं. “मूतोंग यांनी वेळ दिला. मूतोंग यांचं साहित्य थोर आहे. आणि हे सगळं जिनं घडवून आणलं, ती आमची प्रांजली कोकरेंग!”

“सर,” प्रांजली खालून दात आवळून म्हणाली, “माझ्यात ‘ग’ नाही!”

“राहू द्या हो, बाई,” सर माइकवरूनच म्हणाले. “‘ग’ असलेला बरा!”